धवलारणीचा मान

आमच्या सासूबाईंनी आयुष्यात एकाच माणसाचं मुकाट्याने ऐकलं, आणि ते माणूस म्हणजे नारपोलीची एक डॉक्टर पोरगी. त्याआधी त्यांनी सासऱ्यांचं ऐकलं नाही, सरपंचाचं ऐकलं नाही, आणि माझं ऐकायचा तर प्रश्नच नव्हता. मी वैशाली, त्यांची एकुलती एक सून. माहेर खारबावचं. दापोड्याच्या या घरात आल्यापासून माझं निम्मं आयुष्य त्यांच्याशी भांडण्यात गेलं आणि उरलेलं निम्मं त्यांच्या वतीने दुसऱ्यांशी भांडण्यात.

त्यांचं नाव पार्वती. पण आसपासच्या गावांत त्यांना पार्वती धवलारीण म्हणूनच ओळखतात. धवलारीण म्हणजे लग्नात धवले गाणारी बाई. आम्हा आगरी लोकांच्या लग्नात भटजी उशिरा आला तर चालतं, जेवण कमी पडलं तरी एक वेळ भागतं, पण धवलारीण आली नाही तर हळद पाट्यावर तशीच राहते. मांडव घालण्यापासून नवरीच्या पाठवणीपर्यंत प्रत्येक कामाचा धवला ठरलेला असतो आणि तो दोघींनी मिळून गायचा असतो. एकीने ओळ टाकायची, दुसरीने ती उचलायची. सासूबाईंची जोडीदारीण म्हणजे आमच्या मागच्या आळीतली कमळमावशी. दोघींनी मिळून किती लग्नं लावली देव जाणे, आणि त्या प्रत्येक लग्नात दोघी एकमेकींशी भांडल्या.

धवलारणीचा एक मान असतो. आमच्या गावात ती मध्येच गाणं थांबवून तो मागते. धवला थांबला की हळद थांबते, नवरी पाटावर बसून राहते, आणि धवलारीण मागेल ते हातात पडल्याशिवाय पुढची ओळ येत नाही. बहुतेक जणी लुगडं मागतात, नारळ मागतात, फार तर एखादा ग्लास. ग्लासात काय ते विचारू नका. आमच्या सासूबाईंचा मात्र काही नेम नसायचा. एकदा एका गोडाऊनवाल्याच्या घरी त्यांनी मान म्हणून नवऱ्याच्या बापाला नाचायला लावलं. तो बिचारा नुकताच गुडघ्याचं ऑपरेशन करून आलेला. पण नाचला.

अशा बाईच्या डाव्या गालात आतून फोड आला आणि काही केल्या बरा होईना. भिवंडीच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं, मुंबईत कॅन्सर निघाला. गालाचा आतला भाग काढला, मग रेडिएशन झालं, तोंड आतून सोलल्यासारखं झालं, पेजेशिवाय काही उतरेना. त्या सगळ्या हालात सासूबाईंनी डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली. मी किती जगेन, हे नाही. "माझ्या नातीच्या हळदीला मना धवला गाता येल ना?"

नात म्हणजे माझी भाविका. तिचं लग्न वैशाखात ठरलेलं. स्वतःच्या घरातली नवरी आणि तिच्या हळदीला गायला दुसऱ्या गावची बाई येणार, हे सासूबाईंना कॅन्सरपेक्षा जड जात होतं. डॉक्टर बोलले, बघू. आणि बघायचं काम त्यांनी आमच्या कल्याण नाक्याजवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टर धम्मदिनांवर सोपवलं.

धम्मदिना म्हणजे नारपोलीचीच मुलगी, तिशीतली, आवाज हळू आणि नजर अशी की समोरचा खोटं बोलायच्या आधी दोनदा विचार करेल. पहिल्या भेटीत तिने सासूबाईंना समोर बसवलं आणि बोलली, "आजी, कॅन्सर काढायचं काम मोठ्या डॉक्टरांचं होतं, ते झालं. तो परत येऊ नये हे काम आता तुमचं." मग एकेक सांगत गेली. तंबाखू, सुपारी, दारू, काही नको. भाजी, फळं, डाळी खा. मासे खा, पण तळून नाही. रोज चाला. तोंड स्वच्छ ठेवा, खाल्ल्यावर दरवेळी. आणि तोंड जेमतेम दोन बोटं उघडतंय, तर आईस्क्रीमच्या काड्या असतात ना, तशा चपट्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरा आणि हळूहळू एकेक वाढवा.

सासूबाई नवा धवला शिकावा तशा ऐकत होत्या. त्यांना लिहिता येत नाही, पण एकदा कानावर पडलेलं त्या विसरत नाहीत. अडचण एवढीच, की त्यातलं काय आणि कसं घ्यायचं ते त्या स्वतः ठरवतात.

आमचे हे, म्हणजे केसरीनाथ, आईपुढे लहानपणापासून मांजर. पण त्या दिवसापासून त्यांच्या अंगात डॉक्टर संचारला. आमची शेतं गेली, त्यावर गोडाऊनं झाली, भाडं घरबसल्या येतं, म्हणजे माणसाला भाषणं द्यायला वेळच वेळ. सकाळी उठले की सुरू. "आये, डॉक्टर काय बोलल्या? शिस्त पायजे, शिस्त." सासूबाई मान हलवायच्या आणि कुल्फीवाल्याला हाक मारायच्या.

हो, कुल्फीवाल्याला. काड्या नको का? मेडिकलमध्ये नुसत्या काड्या मिळतात हे मी त्यांना दहादा सांगितलं. "मेडिकलची काडी बेचव लागते गो," हे उत्तर. दुपारी कुल्फीवाला आमच्या दारात येऊन घंटा वाजवायचा, सासूबाई ओट्यावर बसून कुल्फी चोखायच्या आणि काडी धुऊन डब्यात टाकायच्या. मी कपाळाला हात लावला की बोलायच्या, "डॉक्टरीणबायनी सांगितलंय, मी काय हौसेनं खातंय?" पण खरं सांगते, व्यायाम त्यांनी कधी चुकवला नाही. टीव्हीसमोर तोंडात काड्यांची चवड धरून बसायच्या, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि तशाच अवस्थेत हाताने मला खुणा करायच्या की भात उतू गेला बघ.

भाजीचंही तसंच. डॉक्टर भाजी खा बोलल्या, म्हणून रोज माठाची भाजी. मासे खा बोलल्या, म्हणून त्या माठात मूठभर सुकट. सुकट खारवलेली असते, ती नको, असं मी बोलले तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी समुद्राचाच अपमान केला.

चालण्यात मात्र त्यांनी मला चकित केलं. सकाळी चालायला जायच्या, संध्याकाळी जायच्या, कधी कधी भर दुपारीसुद्धा. गोडाऊनच्या आवारातून, कंटेनर मागे घेणाऱ्या ड्रायव्हरांवर ओरडत, वॉचमनला दम देत. "ए भैया, दिनभर कुर्सी पे बैठता है, डॉक्टरने बोला है चलने को." त्याला कुठल्या डॉक्टरने बोललं होतं ते त्यालाच माहीत, पण तो उठून चार फेऱ्या मारायचा. मला वाटलं, चला, ही बाई सुधारली. मी शेजारणींना अभिमानाने सांगत सुटले. त्या फेरीचा शेवट रोज कमळमावशीच्या पडवीत होतो, हे मला माहीत होतं. पण जोडीदारणीकडे जाणारच, त्यात वेगळं काय?

पुढच्या तपासणीला निघालो त्या सकाळीही गाडी कमळमावशीच्या दारात थांबवायला लावली. तिने सासूबाईंच्या हातात काहीतरी दाबलं, त्यांनी ते कनवटीला खोचलं. मला वाटलं, गावदेवीचा अंगारा असेल. मीही हात जोडले.

दवाखान्यात डॉक्टर धम्मदिनांनी बॅटरी लावून तोंडात बघितलं. डावा गाल बघितला, बरं बोलल्या. उजवा बघितला आणि बॅटरी आणखी जवळ नेली. उजव्या गालात आतून पांढरा चट्टा आला होता. त्यातला तुकडा काढून तपासायला पाठवला आणि चार दिवसांनी परत बोलावलं. त्या चार दिवसांत केसरीनाथांची भाषणंसुद्धा बंद पडली.

"अजून कॅन्सर नाही," चार दिवसांनी डॉक्टर बोलल्या. "पण असाच राहिला तर होऊ शकतो. मग परत ऑपरेशन, आणि या वेळी कदाचित जिभेपर्यंत जावं लागेल."

"मंग धवला?" सासूबाई बोलल्या.

"मग बोलणंसुद्धा कठीण होईल, आजी."

सासूबाईंचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. सासरे गेले तेव्हासुद्धा नाही.

डॉक्टर बोलल्या, "मला एक कळत नाही. तुम्ही सगळं पाळताय, मग हा चट्टा आला कुठून? तंबाखू नक्की नाही ना?"

सासूबाईंच्या आधी केसरीनाथ बोलले. मुंबईतही तेच बोलले होते, तसेच छाती पुढे काढून. "न्हाय ओ डॉक्टर. आमच्या आईला कसलंच व्यसन न्हाय. तंबाखूला कधी हात लावला न्हाय तिनं."

डॉक्टर त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्या सासूबाईंच्या उजव्या हाताकडे बघत होत्या. पहिलं बोट, नखापर्यंत काळपट. "आजी," त्या हळूच बोलल्या, "सकाळी दात कशाने घासता?"

"मशेरीनं," सासूबाई लगेच बोलल्या. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं.

"दिवसातून किती वेळा?"

"सकाळी उठलं की. चहाच्या आधी, चहाच्या मंग. जेवल्यावर. कोन आला-गेला तर त्याच्यासोबत. पयली कमी लावायची, पन तुम्हीच सांगितलंत ना, तोंड स्वच्छ ठेवा, खाल्ल्यावर दरवेळी. तवापासून वाढवलीय."

डॉक्टर खुर्चीला टेकून बसल्या. मला तेव्हा हसू येत होतं की रडू, मला अजून कळलेलं नाही. "आणि मशेरी कशाची करतात, आजी?"

"कशाची म्हंजे? तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजायची, कुटायची..." आणि सासूबाई तिथेच थांबल्या.

आता तुम्ही हसाल, पण आमच्याकडे मशेरी ही तंबाखू नसतेच. तंबाखू पुरुष मळतात, गालात ठेवतात. मशेरीने बायका दात घासतात. माझ्या आईचा तवा, सासूबाईंचा तवा, कमळमावशीचा तवा, सगळ्यांच्या घरातून तो खमंग धूर निघायचा आणि आम्ही पोरी त्या धुरात अभ्यास करायचो. ती घरात व्यसन म्हणून कोणी मोजलीच नव्हती. केसरीनाथ खोटं बोलत नव्हते. तेच तर वाईट होतं.

"माझी आजीपण लावायची," डॉक्टर बोलल्या. "शांताबाई. पक्की जिद्दी. भांडून भांडून सोडवली मी तिची. म्हणून तर तुमचं बोट दिसलं मला." मग पुढे वाकून बोलल्या, "आजी, आजपासून बंद केलीत तर चट्टा मागे जायची बरीच आशा आहे. हळदीच्या आधी एकदा दाखवायला या. मग सांगते, धवला गायचा की नाही."

घरी आल्यावर मी पदर खोचला आणि झाडाझडती सुरू केली. तांदळाच्या पिंपात एक डबी. देवघरात, उदबत्तीच्या पुड्यामागे एक. टीव्हीच्या मागे एक. भाविकाच्या लग्नाच्या साड्यांच्या खोक्यात एक, आणि ती मात्र बघून माझं डोकंच फिरलं. सगळी मशेरी मोरीत ओतली. सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या. "अजून कुठे आहे?" मी ओरडले. "संपल्या," त्या बोलल्या. आणि मी मूर्ख, विश्वास ठेवला.

मग जे दिवस आले ते देवाने वैऱ्याला देऊ नयेत. मशेरी सुटलेली बाई म्हणजे काय असते ते माझ्या घरात येऊन बघायला हवं होतं. चहा गोड झाला म्हणून भांडण, अगोड झाला म्हणून भांडण. डॉक्टरांनी दिलेला मऊ ब्रश बघून बोलल्या, "हा झाडू माझ्या तोंडात घालू नको." कुल्फीवाल्याला हाकलून दिला, मग तो का येत नाही म्हणून माझ्यावर डाफरल्या. केसरीनाथांनी एकदा "आये, शिस्त" एवढंच उच्चारलं, तर चप्पल आली. नेम चुकला, नाहीतर तेही दवाखान्यात गेले असते.

आणि चालणं चालूच. सकाळ, संध्याकाळ, कमळमावशीची पडवी. माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. घरातली मशेरी मी ओतली, पण कमळमावशीचा तवा तर तापतोच आहे. एका दुपारी त्या निघाल्या, तशी मीही मागून निघाले. आज रंगे हाथ पकडते, कमळमावशीलाही चार शब्द सुनावते, अशा तयारीने. दार लोटलं आणि उभीच राहिले.

दोघी पडवीत समोरासमोर बसल्या होत्या. सासूबाई धवला म्हणत होत्या. म्हणत कसल्या, झगडत होत्या. हळदीची ओळ होती. "हळद गो वाटली" इथपर्यंत ठीक, पुढे "पाट्यावरी" आलं की गालातून वारा निसटायचा आणि शब्द सांडायचा. प, ब, म आलं की हेच. ज्या बाईचा आवाज पार खाडीच्या बंधाऱ्यापर्यंत ऐकू जायचा, तिच्या तोंडून असं काही ऐकणं मला सहन झालं नाही.

"तू कशाला आलीस?" सासूबाई बोलल्या.

"तुम्ही घरी का नाही गात, आई?"

"भाविकाच्या कानावं जाईल. नवरीला कशाला रडवायचं आतापासून?" मग लगेच नेहमीच्या आवाजात, "आनि आमचं ठरलंय. जे शब्द माझ्या तोंडात मावत न्हाईत ते ही उचलील. ऐक." त्यांनी "हळद गो वाटली" टाकलं, कमळमावशीने "पाट्यावरी" उचललं, आणि मध्ये फट आहे हे कळलंसुद्धा नाही.

हे सगळं खरं, पण कमळमावशीचं बोट तोंडातच होतं. एकीकडे गात होती, एकीकडे मशेरी घासत होती, माझ्या सासूच्या नाकासमोर. आणि सासूबाई त्या बोटाकडे मांजर माशाच्या पाटीकडे बघतं तशा बघत होत्या. मी भडकले. "मावशी, निदान यांच्यापुढे तरी नको."

"माझा तोंड हाय, मी घाशीन," कमळमावशी बोलली. "ती सोडते म्हनून मी सोडू? तिला झाला, मना काय झालाय?"

तिची सून चहा घेऊन आली. सासूबाईंनी गरम गरम बशीत ओतून घेतला. कमळमावशीने आपला कप बाजूला ठेवला, पार निवेपर्यंत. सासूबाईंची बशी हातात राहिली. "कमळे, चहा का निवू देतेस? तुला तर उकळता लागतो."

"हल्ली चरचरतं जरा आतून. उष्णता झाली असंल."

घरी येताना सासूबाई फाट्यावर थांबल्या, कंटेनर जाऊ दिला आणि म्हणाल्या, "माझंबी असंच चालू झालेलं. चहापासून."

मी बोलले, सांगा ना मावशीला. त्यांनी सांगितलं, रोज सांगितलं. मी सांगितलं. केसरीनाथांनी तर भाषण दिलं. कमळमावशी सगळ्यांना हो बोलायची आणि आतल्या खोलीत जाऊन तवा ठेवायची. डॉक्टरकडे चल बोललं की तिचे गुडघे दुखायचे.

हळदीच्या आदल्या आठवड्यात दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी बॅटरी फिरवली, परत फिरवली. "फिका पडलाय," त्या बोलल्या. "चांगलाच फिका पडलाय. अशाच राहिलात तर निघून जाईल, आजी. गा तुम्ही. मध्ये मध्ये पाणी प्या आणि दमलात तर थांबा."

"थांबायचा तर मना येतंच," सासूबाई बोलल्या. तेव्हा त्या का हसल्या ते मला कळलं नाही. मग त्यांनी डॉक्टरांना हळदीचं आमंत्रण दिलं. "आनि तुमच्या आजीला आना. शांताबायला. जिनं सोडली तिला बघायचंय मना."

हळदीच्या दिवशी उन्हं कलल्यावर मांडव भरला. भाविका पाटावर बसली, बाजूला केसरीनाथ, बाप म्हणून फेटाबिटा बांधून. डीजेवाले वायरी जोडून ताटकळत होते, धवला संपला की त्यांचा नंबर. मागच्या बाजूला मटणाची पातेली चढलेली. डॉक्टर धम्मदिना आल्या, सोबत निळ्या काठाची पांढरी साडी नेसलेली, काठी टेकत आलेली त्यांची आजी. मी दोघींना पुढच्या खुर्च्यांवर बसवलं.

सासूबाईंनी धवला टाकला. कमळमावशीने उचलला. आवाज पूर्वीचा नव्हता, बारीक झाला होता, पण बायका गप्प होऊन ऐकायला लागल्या. शब्द निसटायच्या आत कमळमावशी तो झेलत होती. भाविका मान खाली घालून बसलेली, तिच्या नाकावरून पाणी गळत होतं. मीही पदर तोंडाला लावला. गणपती झाला, गावदेवी झाली, पाच सवाष्णींची हळद लावून झाली. सहावीने बोटं हळदीत घातली आणि सासूबाई थांबल्या.

"माझा मान," त्या बोलल्या. दोन्ही म गालातून निसटले, पण मांडवात कळलं नाही असा कोणी नव्हता.

केसरीनाथांनी तयारीत ठेवलेलं लुगडं पुढे केलं. त्यांनी ते बाजूला सारलं. "लुगडा नको. नारळ नको. ग्लास तर डॉक्टरीणबाय हितंच बसलीय." त्यांनी हळदीचं रिकामं ताट पुढे ओढलं. "या मांडवात जिच्या जिच्याकडं मशेरीची डबी हाय, ती या ताटात आली पायजे. मंग पुढची ओळ."

मागच्या पातेल्यांचं रटरटणं ऐकू यायला लागलं, इतकं सगळं गप्प. बायकांचे हात कनवटीवर गेले, पदराच्या गाठींवर गेले, आणि तिथेच राहिले. पुरुष हसायला लागले. डीजेवाल्याने विचारलं, "अम्मा, और कितना टाइम?" सासूबाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, त्याने हातातला माईक खाली ठेवला.

"पार्वते, गा," कमळमावशी दबक्या आवाजात बोलली. "पोरीची हळद सुकते."

"सुकू दे. पयली डबी तुझी."

"मी देनार न्हाय. सगळ्या गावापुढं काय चालवलंयस?"

"एकटीत ऐकत न्हाईस म्हनून गावापुढं."

कमळमावशी उठली. खरंच उठली, पदर सावरला आणि निघाली. धवला एकीने होत नाही. भाविकाने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मनात आलं, ही म्हातारी आज हट्टापायी माझ्या पोरीची हळद मोडते.

तेव्हा सासूबाईंनी कनवटीला हात घातला आणि एक डबी काढली. पत्र्याची, छोटी. मी घरभर शोधलं होतं आणि ती त्यांच्या अंगावर होती. मला वाटलं आता मी मांडवातच किंचाळणार. त्यांनी डबी कमळमावशीच्या हातात दिली. "उघड."

कमळमावशीने झाकण काढलं. डबी गच्च भरलेली होती. आणि वर, मधोमध, अंगठ्याचा ठसा. कमळमावशीची ती पद्धत, मशेरी भरली की वरून अंगठ्याने दाबून बसवते. चट्टा सापडला त्या दिवशी सकाळी गाडीच्या खिडकीतून तिने दिली होती ती हीच डबी, जिला मी अंगारा समजून हात जोडले होते. त्या दिवसापासून ती सासूबाईंच्या कमरेला होती. चहा गोड झाला तेव्हाही, चप्पल फेकली तेव्हाही, कमळमावशीचं बोट समोर फिरत होतं तेव्हाही. ठसा होता तसा होता. त्याला बोट लागलं नव्हतं.

"जवळ कशाला ठेवलीस मंग?" कमळमावशी बोलली.

"तुला दाखवायला," सासूबाई बोलल्या. "चहा निवल्यावर पितेस तू, कमळे. मना एकटीला धवला येत न्हाय."

कमळमावशीने ठसा न मोडता झाकण परत लावलं. मग तिने डबी ताटात ठेवली, आपली स्वतःची काढली आणि तिच्या शेजारी ठेवली. खाली बसली आणि नाक ओढलं. त्यानंतर रांगच लागली. माझी चुलत सासू, माझी नणंद, नवऱ्याकडून हळद घेऊन आलेल्या दोघी, ज्यांना बिचाऱ्यांना काय चाललंय हेही नीट समजलं नव्हतं. पर्समधून, ब्लाऊजमधून, रुमालाच्या गाठीतून डब्या निघत होत्या. पुरुष अजून हसतच होते.

"हसू नका," सासूबाई बोलल्या. "खिशे उलटे करा. पयला नवरीचा बाप."

केसरीनाथांचा हात आपोआप खिशावर गेला, आणि तिथेच सगळ्यांना कळलं. फेटा बांधलेल्या त्या माणसाने, शिस्तीवर इतके महिने भाषणं दिलेल्या माणसाने, गुटख्याची पुडी काढून ताटात टाकली. माझ्याकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही. त्यांचं आणि माझं जे व्हायचं ते नंतर झालं, ते मी सांगत नाही.

ताट भरलं. मी ते उचलायला वाकले, एवढ्यात पुढच्या खुर्चीवरून काठीचा आवाज आला. डॉक्टर धम्मदिनांची आजी, शांताबाई, हळूहळू ताटापाशी आल्या. बटव्याची दोरी सोडली, आत चाचपलं, आणि एक लखलखीत पितळी डबी काढून सगळ्यांच्या वर ठेवली.

"आजी," डॉक्टर एवढंच बोलल्या. त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"तू ड्युटीला गेलीस की एकदाच लावते गं," शांताबाई बोलल्या. "आता नाही."

मांडवात जे हसू उसळलं त्यात धम्मदिनासुद्धा शेवटी हसल्या. मग डोळे पुसत त्यांनी मोबाईलची बॅटरी लावली आणि तिथेच शांताबाईंना तोंड उघडायला लावलं. त्यांच्या मागे कमळमावशी गुपचूप येऊन उभी राहिली. तिच्या तोंडात चट्टा होता, आणि तो वेळेवर सापडला, हे आम्हाला पुढच्या आठवड्यात कळलं. पण त्या संध्याकाळी सासूबाईंनी तिला हाताला धरून परत पाटाजवळ बसवलं.

"आधी धवला. तोंड मंग दाखव," त्या बोलल्या. आणि डॉक्टरांकडे वळून, "डॉक्टरीणबाय, घरीपन बोट बघत जा."

मग त्यांनी "हळद गो वाटली" टाकलं आणि गप्प राहिल्या. कमळमावशीने नाक पुसलं आणि "पाट्यावरी" उचललं.